नोकरी सोडायच्या आधी आपल्या तासाचा भाव काढा

मी मिरजेत भूल देते. स्वतःचा दवाखाना नाही आणि कुठल्या एका हॉस्पिटलची नोकरीही नाही. सर्जनचा फोन आला की जायचं, केस करायची, पेशंट नीट शुद्धीवर आला की पुढचं ठिकाण गाठायचं. त्यामुळे मिरज-सांगलीतली बरीच नर्सिंग होम मी मागच्या दारानं पाहिली आहेत. ऑटोक्लेव्ह (अवजारं वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) कुठल्या कोपऱ्यात ठेवलाय, स्टोअरची किल्ली कुणाकडे असते, महिनाअखेरीला कुणाचं बिल किती दिवस अडकतं, हे मला तिथल्या मालकांइतकंच ठाऊक असतं. त्यात दूरशिक्षणातून एमबीए करतेय. हे कळल्यापासून ज्युनिअर मंडळी एकच विचारतात, "मॅडम, मी पण एमबीए लावलंय. नोकरीच करू, का आपलं काहीतरी काढू?"

याचं उत्तर मी देऊ शकत नाही, पण ते काढायची रीत सांगू शकते. आमचे आण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्यामुळे रीत निम्मी एमबीएची आहे आणि निम्मी खतावणीची.

दोन नाही, तीन रकाने आखा

डॉक्टर लोक 'नोकरी का धंदा' असे दोनच रकाने आखतात आणि स्वतःचा दवाखाना दुसऱ्यात घालतात. मिरजेत तर याला मोठी परंपरा आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं, सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ चं. इथं शिकलेले पुष्कळ जण इथंच राहिले, आणि ठरलेला नकाशा तयार झाला: कर्ज काढा, प्लॉट घ्या, खाली दवाखाना, वर घर. लग्नाच्या बोलणीतसुद्धा "हॉस्पिटल कधी बांधणार?" हा प्रश्न असतोच.

पण ही झाली प्रॅक्टिस, म्हणजे दुसरा रकाना. तिसरा रकाना उद्योगाचा. उद्योग कोणता ते ओळखायची माझी कसोटी सोपी आहे. तुम्ही पंधरा दिवस गावाला गेलात तर पैसे येतात का? येत नसतील, तर तुम्ही स्वतःच्याच हाताखाली नोकरी धरलेली आहे, आणि वर जागेचं भाडं, सिस्टरचा पगार आणि लिफ्टची दुरुस्तीही तुमच्याच खिशातून. त्यात वाईट काही नाही. उत्तम प्रॅक्टिस करून समाधानात जगणारे मी रोज बघते. फक्त त्यासाठी एमबीएची गरज नाही आणि तिला उद्योग म्हणायची तर अजिबात नाही.

तिसऱ्या रकान्याचं उदाहरण म्हणून डॉ. व्यंकटस्वामींकडे बघा. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी १९७६ मध्ये मदुराईत ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. डोळ्याच्या ऑपरेशनमधला सर्जननंच करायचा भाग वेगळा काढला आणि आधीचं-नंतरचं सगळं काम प्रशिक्षित मुलींच्या हाती दिलं. परदेशी लेन्स महाग पडायला लागल्यावर १९९२ मध्ये अरोलॅब काढून लेन्सच बनवायला घेतली. मला यात त्यांच्या सेवाभावाइतकीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते: कोणतं काम डॉक्टरशिवाय होऊ शकतं, हे तिथं एका डॉक्टरनं शोधलं.

आता तासाचा भाव

एमबीएच्या पुस्तकात याला संधी खर्च म्हणतात. कागद घ्या आणि आजच्या कामाचे सगळे तास मांडा. ओपीडीचे तर धराच, पण नाइट ड्यूटी, जायचा-यायचा वेळ, डिस्चार्ज कार्डं लिहीत बसलेली संध्याकाळ, हेही धरा.

समजा, नोकरीत महिना १,२०,००० मिळतात आणि आठवड्याला ४८ तास जातात. महिन्याचे झाले २०८ तास, म्हणजे तासाला साधारण ५७५ रुपये. आता समजा दवाखाना काढला, सगळा खर्च जाऊन १,५०,००० उरतात. वर ३०,००० जास्त दिसतात. पण त्यात ६० लाख घातलेत. दहा टक्क्यांनी त्याचं व्याज महिना ५०,००० होतं, आणि पैसे बँकेचे असोत की सासऱ्यांचे, ते वजा करायचंच. राहिला एक लाख. तास आठवड्याला ७०, म्हणजे महिन्याला ३०३. भाव आला ३३० रुपये.

इथं लोक माझ्याशी भांडतात. "पण मॅडम, जागा आपलीच आहे, भाडं कुठं द्यायचंय?" जागा तुमची असली तरी ती दुसऱ्याला दिली असती तर भाडं आलंच असतं. ते खर्चात लावा. आमच्या आण्णांच्या मालकांचं स्वतःचं गोदाम होतं, तरी ते दरवर्षी गोदामभाडं खर्ची टाकायचे. न शिकलेला माणूस होता, पण हिशेब पक्का.

पहिली दोन-तीन वर्षं भाव कमी येणारच. प्रश्न असा की पाचव्या वर्षी तुमचे तास कमी होऊन भाव वाढेल, की पेशंट वाढले म्हणून तासही वाढतील? प्रॅक्टिसमध्ये बहुधा दुसरं होतं.

उद्योग शोधायचा कुठं

ॲपची कल्पना घेऊन माझ्याकडे येऊ नका, एवढं आधी सांगते. आठवड्याला एक तरी येतो.

रोज जिथं उभे राहता तिथंच बघा. प्रत्येक नर्सिंग होम आपापलं, वेगवेगळं आणि वाईट पद्धतीनं करतंय असं काम कोणतं? माझ्यापुरतं उत्तर होतं निर्जंतुकीकरण. दहा खाटांच्या हॉस्पिटलात एक उभा ऑटोक्लेव्ह असतो, तो मावशी चालवतात. १२१ अंश, १५ पौंड, आणि वेळ बहुतेक अंदाजपंचे. शस्त्रक्रियेच्या अवजारांच्या, कापडात गुंडाळलेल्या मोठ्या सेटला अशा साध्या यंत्रात अर्धा तास लागतो. घाईच्या दिवशी तो मिळत नाही. बाहेरच्या टेपवर काळ्या रेघा आल्या की "झालं" म्हणतात, पण ती टेप फक्त गठ्ठा तापला एवढंच सांगते. आत वाफ पोचली का, ते आतल्या इंडिकेटरवरून कळतं, आणि जंतू खरंच मेले का, हे कळायला जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी लागते. ती छोट्या ठिकाणी क्वचितच होते. सेट ओला बाहेर आला तर तो निर्जंतुक धरायचा नसतो, हेही फार जणांना सांगावं लागतं.

मग सगळ्यांसाठी एकच केंद्र का नको? वापरलेले सेट गोळा करायचे, नीट धुवायचे, पॅक करायचे, प्री-व्हॅक्यूम (आधी आतली हवा ओढून काढणाऱ्या) यंत्रात १३४ अंशांवर काढायचे, तारीख आणि बॅच नंबर लावून परत पोचवायचे. सकाळ-संध्याकाळ दूध संकलनाची गाडी फिरते तशीच ही गाडी. ही कल्पना परकी नाही, कारण जैववैद्यकीय कचऱ्याचं आज असंच चालतं. २०१६ च्या नियमांप्रमाणे ७५ किलोमीटरच्या आत सामायिक केंद्र असेल तर हॉस्पिटलला स्वतःची विल्हेवाट यंत्रणा उभारताच येत नाही. गाडी येते, पिवळ्या-लाल पिशव्या नेते, दवाखाने पैसे देतात. म्हणजे सामायिक सेवेची सवय आधीच आहे.

तुमचं काम वेगळं असेल. फिजिशियनला मधुमेहाच्या पायाची घरपोच ड्रेसिंग दिसेल, रेडिऑलॉजिस्टला रात्रीचं रिपोर्टिंग, बालरोगतज्ज्ञाला आणखी काही. पण पुढचं गणित सगळ्यांना सारखंच लागतं, म्हणून माझ्याच उदाहरणावर ते करून दाखवते.

गणित, आणि गणितात न बसणारी सिस्टर

आकडे समजा धरून चाला, तुमच्या गावचे वेगळे येतील. भाडं, दोन टेक्निशियन, गाडी आणि ड्रायव्हर, यंत्राचा हप्ता, देखभाल मिळून महिन्याचा स्थिर खर्च १,६०,०००. एका सेटचे १८० रुपये मिळतील. त्यातले ६० कापड, केमिकल, वीज, डिझेलमध्ये जातील. हातात उरले १२०. तेव्हा ना नफा ना तोटा व्हायला महिन्याला १,३३४ सेट लागतात, २६ दिवसांनी भागलं तर दिवसाला ५१ किंवा ५२. एका नर्सिंग होमच्या रोज तीन शस्त्रक्रिया धरल्या तर १७-१८ नर्सिंग होम हवीत. आता मिरजेचा नकाशा काढा आणि नावं लिहा. आकडा नावांत उतरला नाही तर तो आकडा खोटा.

इथपर्यंत कुणीही येतो. गंमत पुढं आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम ऑपरेशन्सच्या पेपरला असतो: तासाला जेवढे येतात, त्याला प्रत्येकानं आत काढलेल्या वेळानं गुणलं की एका वेळी आत किती असतील ते कळतं. ओपीडीला तासाला १२ पेशंट येतात आणि प्रत्येकाचे ५० मिनिटं जातात, तर सरासरी १० पेशंट कायम आत. बाकडी सहा जणांची असतील तर उरलेले उभे, शिवाय नातेवाईक. आता हेच सेटना लावा. रोज ५१ सेट येणार आणि २४ तासांनी परत जाणार असतील, तर ५१ सेट कायम रस्त्यात किंवा आमच्याकडे. म्हणजे प्रत्येक नर्सिंग होमकडे रोजच्या तीन केसेसचे तीन सेट जादा हवेत. ते कोण घेणार? आम्ही घेतले तर भांडवल वाढतं, त्यांनी घ्यायचे तर विक्री अवघड होते. वेळ आठ तासांवर आणली तर १७ सेटवर भागतं, पण गाडी तीनदा फिरवावी लागते. सगळा उद्योग या एका प्रश्नावर उभा आहे, आणि तो मला यंत्राच्या कोटेशनमध्ये कुठेच दिसला नाही.

दुसरी गोष्ट उधारीची. महिन्याला २,४०,००० ची बिलं झाली आणि पैसे ४५ दिवसांनी आले, तर ३,६०,००० कायम बाहेर अडकलेले. नफा कागदावर, पगार मात्र सात तारखेला रोख. आण्णांना ही योजना सांगितली तेव्हा त्यांनी यंत्राबद्दल काहीच विचारलं नाही. "पट्टी कधी मिळणार?" एवढंच. पट्टी म्हणजे यार्डात विकल्या मालाचे पैसे. उद्यम नोंदणी करून घ्या. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि मुदत उलटून आर्थिक वर्ष संपेपर्यंतही न दिलेल्या बिलाची त्या वर्षी आयकरात वजावट मिळत नाही. ज्या सर्जनकडून मला उद्या केस हवी आहे त्याला मी हा कायदा दाखवणार आहे का? नाही. म्हणून थोडी का होईना, आगाऊ रक्कम घ्या.

जीएसटीही भाव ठरवायच्या आधी बघा. रुग्णसेवा करमुक्त आहे, पण हॉस्पिटलला दिलेली अशी सेवा म्हणजे रुग्णसेवा नव्हे. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की नोंदणी आली, आणि वरच्या हिशेबात ती जातेच. हॉस्पिटलची स्वतःची सेवा करमुक्त असल्यानं त्याला तुमच्या बिलावरच्या कराचा परतावा मिळत नाही. त्याच्या दृष्टीनं तुमचा भाव करासकटच.

आता सिस्टर. डॉक्टरांसमोर तुम्ही कितीही स्लाइड दाखवा, सेवा घ्यायची का नाही हे ऑपरेशन थिएटरची (ओटीची) सिस्टर ठरवते. तिच्याकडे इन्स्ट्रुमेंटचं रजिस्टर असतं, एक आर्टरी फोर्सेप हरवला तर बोलणी तिला बसतात. मी एका सिस्टरला सगळं समजावून सांगितलं. तापमान, बीजाणू, बॅच नंबर. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, आमची मेट्झेनबॉम कात्री आमचीच परत येणार का दुसऱ्याची?" चांगली धार असलेली कात्री जीव की प्राण असते. सर्जनला ती हातात वेगळी लागली की ओटीत आरडाओरडा. म्हणून प्रत्येक नर्सिंग होमची खूण कोरायची, सेट उघडताना आणि बंद करताना यादी मोजायची, दोन्ही वेळा दोघांच्या सह्या घ्यायच्या. हा खर्च माझ्या पहिल्या ६० रुपयांत नव्हता. आता आहे. तुमच्या उद्योगातली सिस्टर कोण, ते यंत्र घ्यायच्या आधी शोधा.

विकत घेण्याआधी विका

"कल्पना कशी वाटते?" असं विचारू नका. सांगलीत कुणी तोंडावर वाईट म्हणत नाही. "एक नंबर मॅडम, करा सुरू" म्हणतील आणि फोन उचलणार नाहीत. विचारायचं असं: पुढच्या महिन्यापासून तीन सेट रोज, महिन्याचे पैसे आधी, देताय का? मी एका मोठ्या हॉस्पिटलची रिकाम्या वेळेतली यंत्रं भाड्यानं घेऊन, मोजक्या नर्सिंग होमना पैसे घेऊन ही सेवा देतेय. यंत्र माझं नाही, गाडीही ओळखीच्याची. नफा नगण्य आहे. पण कोण पैसे देतं, कोण फक्त कौतुक करतं, रात्री दोनच्या सिझेरियनला कोणता सेट लागतो, हे कळतंय. भूल द्यायचं काम चालूच आहे.

जागा बघताना पूर बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ आहे. स्वस्त गाळा मिळाला म्हणून नदीकाठाला जाऊ नका, आणि पुरात रस्ता तुटला तर सांगलीच्या गिऱ्हाइकांना सेवा कशी देणार हे करारात लिहा. हरिपूरच्या हळदीच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, २००५ च्या पुराचं पाणी शिरलेलं आण्णांच्या पिढीनं पाहिलंय. धुण्याचं पाणी थेट गटारात सोडता येणार नाही, तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसात आधी जाऊन या.

डॉक्टर म्हणून असलेली कुंपणं

एमबीएचे वर्गमित्र मार्केटिंग प्लॅनमध्ये सहज लिहितात, 'रेफरल डॉक्टरला दहा टक्के'. ते खोडा. त्याला आपण कट म्हणतो, आणि मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत कमिशन देणं-घेणं दोन्ही गैर आहे. पेशंट ओढण्यासाठी जाहिरात, तेही तिथंच. स्वतःच्या पेशंटला औषध देता येतं, पण दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर औषधं विकणारं दुकान डॉक्टरनं चालवायचं नाही. सोनोग्राफीचं काही डोक्यात असेल तर १९९४ चा गर्भलिंग निदानविरोधी कायदा वाचल्याशिवाय एक पाऊल टाकू नका. सरकारी नोकरीत असाल तर परवानगीशिवाय व्यापार करता येत नाही, आणि बंधपत्राची सेवा बाकी असेल तर ती आधी. खाजगी हॉस्पिटलात असाल तर नेमणुकीचं पत्र काढून बाहेरच्या कामाचं आणि नोटिशीचं कलम वाचा. बहुतेकांनी ते सही करताना वाचलेलं नसतं.

माझी एक अडचण वेगळी आहे. मला केस देणारा सर्जनच माझा गिऱ्हाईक होतो. त्यानं सेवा घेतली नाही म्हणून मी त्याच्या केसला नाही म्हणणार का, किंवा त्याला तसं वाटेल का? म्हणून बिल आणि बोलणी दुसरी व्यक्ती करते, आणि "ही सेवा घ्या" हे मी ओटीत कधीच काढत नाही. तुमचं असं काही असेल तर ते आधीच उघड सांगून टाका.

नोकरीच बरी असेल तर

मुलांची फी, घराचा हप्ता, आई-वडिलांची औषधं तुमच्या एकट्याच्या पगारावर असतील आणि सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात नसेल, तर नोकरी सोडू नका. तुमच्या हॉस्पिटलात एनएबीएचचं (हॉस्पिटलच्या दर्जाच्या मानांकनाचं) काम, खरेदी, ओटीचं वेळापत्रक यातलं काही मागून घ्या. तिथं दुसऱ्याच्या पैशावर चुका करून शिकता येतं, आणि पगारही मिळतो. एमबीए झालं म्हणून उद्योग काढलाच पाहिजे असं विद्यापीठानं कुठं लिहिलेलं नाही. पूर्ण वेळ सोडण्याऐवजी आठवड्याचे तीन दिवस ठेवता आले तर उत्तमच. विम्याचं संरक्षण मात्र खंडित होऊ देऊ नका. नोकरीतलं कव्हर नोकरीबरोबर जातं.

आणि सुरू करताना बंद करायचा आकडा लिहून ठेवा. माझा असा आहे: मार्चअखेर पैसे देणारी बारा नर्सिंग होम नसतील तर यंत्राची ऑर्डर द्यायची नाही. तो कागद आण्णांकडे दिलाय, कारण ते मला सूट देणार नाहीत. आकडा गाठला नाही तर करायचं तेही त्यातच आहे: प्रत्येक सेट यादीप्रमाणे मोजून परत, उरलेल्या दिवसांची आगाऊ रक्कम आठ दिवसांत परत, आणि सिस्टरच्या रजिस्टरवर सही.